श्वास अडकलेला दिवा : महालक्ष्म्यांच्या आराशीतल्या एका टायमर सर्किटचं प्रकरण

महालक्ष्म्यांच्या आवाहनाला चार दिवस राहिले होते. भाचा दुकानात आला, काउंटरवर एक झिरो पीसीबी, म्हणजे हातानं भाग सोल्डर करायचा भोकाभोकांचा बोर्ड, ठेवला आणि म्हणाला, "मामा, पेटायलंय, पण हालंना."

तक्रार त्यानं किती नेमकी मांडली होती हे मला नंतर कळलं. तेव्हा माझ्या हातात कुणाच्या तरी मिक्सरचं आर्मेचर होतं, म्हणून मी बोर्डाकडं न बघताच विचारलं, "काय काय बदलून बघितलंस?" "आयसी. तीन बदलले. गंजगोलाईच्या बाजारातून आणले होते, डुप्लिकेट असतील."

लातुरात तीस वर्षं रिपेअरिंग करतोय. 'आयसी डुप्लिकेट' हे वाक्य ऐकलं की मी आयसी सोडून बाकी सगळं तपासतो. पंधरा रुपयांच्या भागावर आळ घेणं सगळ्यात सोपं असतं, म्हणून पहिला आळ त्याच्यावरच येतो. पण हे प्रकरण सविस्तर लिहायला बसलोय त्याचं कारण आयसी नाही. मधल्या एका टप्प्यावर मी स्वतःच मीटर लावून सर्किट बंद पाडलं, आणि खरा दोष त्या चुकीतूनच सापडला.

काय बनवलं होतं

अक्काकडं उभ्या महालक्ष्म्या असतात. कोठ्यांवर मुखवटे, भरजरी साड्या, पुढं बाळं, वरती फुलोरा. दरवर्षी बाजारातली लुकलुकती माळ मखराला गुंडाळली जायची. भाचा पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला गेला आणि यंदा त्यानं माळ आणू दिली नाही. त्याच्या डोक्यात दोन गोष्टी होत्या. मखराच्या कडेनं लाल दिवे सेकंदा-सेकंदाला उघडझाप करतील आणि दोन्ही मुखवट्यांमागं पांढरे दिवे हळूहळू उजळतील, हळूहळू मावळतील, श्वास घेतल्यासारखे.

दोन्हींसाठी त्यानं एकेक एनई५५५ टायमर आयसी घेतला होता. हा आयसी हान्स कामेनझिंड यांनी सिग्नेटिक्स कंपनीसाठी १९७१ साली आखला, १९७२ ला तो बाजारात आला आणि अजून हौशी माणसाचा पहिला आयसी बहुतेक वेळा हाच असतो. आत ५ किलोओहमचे तीन रेझिस्टन्स एकाखाली एक असतात, म्हणून नाव ५५५ पडलं असं कॉलेजात सर्रास सांगतात. खुद्द कामेनझिंड यांनी मात्र नावाचा त्या रेझिस्टन्सशी संबंध नाही, आकडा मार्केटिंगवाल्यानं असाच निवडला, असं सांगून ठेवलंय. नाव कुठूनही येवो, ते तीन रेझिस्टन्स महत्त्वाचे. ते आलेल्या व्होल्टेजचे तीन सारखे हिस्से करतात. बाहेरचा कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारा भाग, भरत भरत दोन हिस्स्यांपर्यंत आला की आयसी पलटी खातो आणि ७ नंबरच्या पिनेतून तो रिकामा करायला लागतो. कंडेन्सर एका हिस्स्यापर्यंत उतरला की पुन्हा भरणं सुरू. भर-उतार, भर-उतार, एवढंच त्याचं काम.

उघडझापीच्या भागात १० किलोओहम, ६८ किलोओहम आणि १० मायक्रोफॅरड होते. हिशोबानं एक सेकंदाचा फेरा. ३ नंबरच्या पिनेवर लाल एलईडीच्या आठ रांगा, प्रत्येकीत तीन.

श्वासाच्या भागात २.२ किलोओहम, ३३ किलोओहम आणि १०० मायक्रोफॅरड. यात युक्ती अशी, की आउटपुटची ३ नंबरची पिन वापरायचीच नाही. ती तर खाडकन चालू, खाडकन बंद होते. हळूहळू चढतं-उतरतं ते कंडेन्सरवरचं व्होल्टेज, म्हणजे २ आणि ६ नंबरच्या पिना जिथं एकत्र जोडल्यात ती जागा. ट्रान्झिस्टरला तीन पाय, बेस, कलेक्टर आणि एमिटर. तिथून बीसी५४७ ट्रान्झिस्टरचा बेस घ्यायचा, कलेक्टर थेट प्लसला, आणि एमिटरवर २२० ओहम लावून एलईडी. कंडेन्सर जसा चढेल तसा एमिटर त्याच्या मागं मागं चढतो, फक्त ०.७ व्होल्ट खाली राहून. हिशोबानं चढायला २.४ सेकंद, उतरायला २.३.

सोल्डर न करता भाग नुसते खोचायच्या ब्रेडबोर्डवर, ९ व्होल्टच्या बॅटरीवर हे सगळं चाललं होतं. त्याच्याकडं मोबाईलमध्ये व्हिडिओ होता, मला दाखवला. पांढरा दिवा खरंच श्वास घेत होता. मग त्यानं ते झिरो पीसीबीवर उतरवलं, सेट टॉप बॉक्सचा जुना १२ व्होल्टचा ॲडॉप्टर जोडला आणि श्वास थांबला. सहाही पांढरे दिवे मंद पेटून नुसते बघत बसले.

पहिली संध्याकाळ

रात्री आठला शटर अर्धं ओढून बसलो. आधी डोळ्यांनी बघितलं. सोल्डर बरं होतं, दोन ठिकाणी कोरडं वाटलं ते पुन्हा गरम केलं. कंडेन्सरची प्लस-मायनस बाजू बरोबर होती. एक गोष्ट मात्र खटकली. आयसी थेट सोल्डर केलेला, खाली आठ पिनांचा बेस नाही. तीन वेळा काढघाल करताना ४ नंबरच्या पिनेखालची तांब्याची पट्टी उचलली होती. तिथं वायरचा तुकडा टाकून रिसेटची ती पिन प्लसला जोडून घेतली. दोष तिथं नव्हता, पण पुढं झाला असता. बेस दोन-पाच रुपयांत मिळतो. भाच्याला त्यावरून जेवढं बोलायचं तेवढं बोलून घेतलं.

ॲडॉप्टर मोजला, १२.१. लोड लावून मोजला, तरी १२. तो निर्दोष.

मग माझा काट्याचा मीटर काढला. दुकान उघडलं त्या वर्षीचा आहे, काच एका बाजूनं तडकलीय, पण चढ-उतार बघायला काटा जितका बोलतो तितके आकडे बोलत नाहीत असं माझं मत आहे. ६ नंबरच्या पिनेला लावला. काटा ५ च्या किंचित पुढं जाऊन गप्प बसला.

१२ व्होल्टवर कंडेन्सर ८ पर्यंत चढायला हवा. तो ५ वर अडकलाय. ८ गाठल्याशिवाय आयसी पलटी खाणार नाही, आणि पलटी खाल्ल्याशिवाय उतरणं नाही. 'पेटायलंय, पण हालंना' याचा अर्थ इतका सरळ होता. आयसी सुटला. तो बिचारा ८ ची वाट बघत बसला होता.

भाचा म्हणाला, "मग कंडेन्सर गळका असंल." शंका चांगली होती. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर थोडा गळतोच, आणि जुन्या बोर्डावरून काढलेला असला तर जास्तच. नवा आणून टाकला. काटा पुन्हा ५ वर.

साडेदहा वाजले. अक्काचा फोन आला, पोरगं जेवलं नाही म्हणून. बंद केलं.

काय बदललं होतं

दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक कमी होतं. मी त्याला ब्रेडबोर्डही घेऊन यायला सांगितलं होतं. चालणारं आणि न चालणारं शेजारी शेजारी ठेवलं आणि त्याला विचारलं, दोन्हींत फरक काय?

"काहीच नाही. तेच व्हॅल्यू."

"बॅटरी किती, ॲडॉप्टर किती?"

"हां, ते एक."

"आणि दिवे?"

तो गप्प झाला. ब्रेडबोर्डवर पांढरा एलईडी एकच होता. बोर्डावर सहा. म्हणजे त्यानं एकदम दोन गोष्टी बदलल्या होत्या आणि त्याच्या लेखी एकही बदलली नव्हती. दिवे वाढवणं हा त्याला बदल वाटतच नव्हता, आरास म्हटल्यावर दिवे वाढणारच.

एका वेळी एकच बदलायचं ठरवलं. ब्रेडबोर्ड तसाच ठेवून बॅटरीऐवजी ॲडॉप्टर लावला. श्वास चालू राहिला, पण त्याची चाल बिघडली. चढायला पाच सेकंदांच्या आसपास, उतरायला दोनसुद्धा नाहीत. आणि आणखी एक, दिवा पूर्ण विझेना. खाली आल्यावरही बारीक पेटलेलाच.

बोर्डावरच्या उघडझापीच्या भागाला आधी बॅटरी, मग ॲडॉप्टर लावून मोजलं. बॅटरीवर मिनिटाला ५४ वेळा, ॲडॉप्टरवरही ५४. उजेड वाढला, चाल हलली नाही.

मला इथं बोट ठेवता आलं. आमच्याकडं शेत दोन प्रकारे दिलं जातं, बटईनं किंवा ठोक्यानं. बटईत पिकेल त्याचा वाटा. ठोक्यात पिको न पिको, ठरलेली रक्कम. टायमर बटईनं चालतो. १२ दिले तर त्याच्या खुणा ४ आणि ८ वर, ९ दिले तर ३ आणि ६ वर. वाटा तोच, म्हणून वेळ तोच. ट्रान्झिस्टर आणि एलईडी मात्र ठोक्यानं. ट्रान्झिस्टरला ०.७ व्होल्ट हवेत, पांढऱ्या एलईडीला साधारण ३.१. तुम्ही ९ द्या की १२, त्यांचा आकडा ठरलेला.

आता मांडून बघा. ९ व्होल्टवर कंडेन्सर ३ पर्यंत उतरतो, एमिटर २.३ वर येतो. एलईडीला ३.१ लागतात, तेव्हा तो विझतो. १२ व्होल्टवर कंडेन्सर ४ च्या खाली जातच नाही. एमिटर ३.३. एलईडीची गरज भागून वर चिमूटभर उरतात, म्हणून तो बारीक पेटलेला राहतो. नुसती उघडझाप करणाऱ्या सर्किटला व्होल्टेज बदललेलं कळत नाही, मंद-तेज करणाऱ्याला कळतं. एकाच बोर्डावर, एकाच आयसीच्या दोन भावंडांत हा फरक पडलेला.

विझत नाही ही तक्रार सुटली. अडकतो का, ते अजून बाकी होतं.

मीटर लावला की दिवा थांबतो

बोर्डावरचे पांढरे दिवे एकेक करून सोडवत गेलो. सहाचे पाच, काही नाही. चार, तीन, दोन, तसेच मंद. फक्त दर वेळी उरलेले थोडे जास्त उजळ व्हायचे. दुसरा काढला, एकच उरला आणि श्वास सुरू झाला. भाचा अक्षरशः उडाला. मी म्हटलं, थांब, चढताना कुठपर्यंत जातो बघू, आणि काट्याचा मीटर ६ नंबरला लावला.

काटा वर गेला, ७.६ च्या जवळ थांबला. दिवाही थांबला. पूर्ण तेजात, गप्प.

मीटर काढला. दिवा पुन्हा चालू. लावला, बंद. काढला, चालू. भाचा माझ्याकडं बघायला लागला, मी मीटरकडं. 'मीटरच खराब आहे मामा' असं तो म्हणाला नाही, तेवढे संस्कार अक्कानं केलेत.

मीटर खराब नव्हता. काट्याच्या मीटरच्या डायलवर खाली बारीक अक्षरात एक आकडा असतो, माझ्या मीटरवर व्होल्टला २० किलोओहम. १० व्होल्टच्या रेंजवर ठेवला की तो २०० किलोओहमचा रेझिस्टन्सच असतो. ८ व्होल्टला त्यातून ४० मायक्रोअँपियर जातात. काटा हलवायला त्याला तेवढं लागतंच, आणि ते तो मोजायच्या जागेतूनच घेतो. डिजिटल मीटर साधारण १० मेगओहमचा, तो एक मायक्रोअँपियरसुद्धा घेत नाही. तो लावून बघितला, श्वासाला धक्का लागला नाही.

४० मायक्रोअँपियर म्हणजे किती? एका एलईडीला लागणाऱ्या करंटचा साधारण पावणेपाचशेवा भाग. एवढ्यानं जर सर्किटचा जीव जात असेल, तर कंडेन्सरकडं द्यायला मुळात उरलंय किती? त्या क्षणी मी पेन घेतलं.

कंडेन्सर ८ व्होल्टच्या जवळ आला की वर १२ आणि खाली ८, मध्ये ४ व्होल्ट. रेझिस्टन्स ३५.२ किलोओहम. भरणारा करंट ११४ मायक्रोअँपियर. आवक एवढीच, आणि टोकाला सगळ्यात कमी.

आता जावक. ८ व्होल्टला एमिटर ७.३ वर. एका एलईडीतून ७.३ वजा ३.१, भागिले २२०, म्हणजे १९ मिलीअँपियर. ट्रान्झिस्टर तो करंट प्लसकडून आणतो, पण त्याच्या दोनशेव्या भागाइतकं बेसमधून घेतो. हा दोनशेचा आकडा बीसी५४७ च्या नगागणिक बदलतो, पण अंदाजाला चालतो. म्हणजे ९५ मायक्रोअँपियर. आवक ११४, जावक ९५. एक दिवा असेल तर कसंबसं भागतं, म्हणूनच चढायला पाच सेकंद लागत होते. उतरताना उलट, तोच बेस कंडेन्सर रिकामा करायला हातभार लावतो, म्हणून उतरणं झटपट. वरून माझ्या मीटरचे ४० पडले की आवक संपली, आणि काटा ८ च्या अलीकडं थांबला.

दोन दिव्यांना १९० लागतील. सहांचा हिशोब मांडला तर कंडेन्सर ५.२ वर जाऊन आवक-जावक सारखी होते. पहिल्या संध्याकाळी काटा पाचाच्या किंचित पुढं थांबला होता तो यामुळं.

हे भाच्याला आकड्यांत सांगितलं तर तो मान हलवत होता. पण २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं हे गाव. आमच्या पोरांना टाकीची भाषा लवकर कळते. म्हटलं, "नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, त्यातही धार करंगळीएवढी. टाकीत वरच्या बाजूला फ्लोट आहे, पाणी तिथं लागलं की मोटर बंद व्हायची. आणि खाली कुणीतरी तोटी सोडून ठेवलीय. टाकी भरंल?"

"अर्ध्यावर राहील."

"सहा तोट्या सोडल्या तर?"

"बुडाशीच." मग जरा थांबून म्हणाला, "आणि तुमचा मीटर सातवी तोटी."

त्याच्या ब्रेडबोर्डच्या वेळचं गणितही करून बघितलं. ९ व्होल्टवर टोकाची आवक ८५, एका दिव्याची जावक ५०. म्हणजे तिथंसुद्धा दुसरा दिवा लावला असता तर श्वास अडकला असता. व्हिडिओ पुन्हा नीट बघितला. चढताना तीन सेकंदांच्या वर, उतरताना दोन. दोष पहिल्या दिवसापासून होता. तेव्हा आम्हाला तो दोष वाटला नव्हता, उलट छान दिसत होता.

उपाय

तोटी बंद करता येत नाही, बारीक करता येते. ट्रान्झिस्टरच्या पुढं आणखी एक ट्रान्झिस्टर. आधीच्या बीसी५४७ चा एमिटर बीडी१३९ च्या बेसला, दोघांचे कलेक्टर प्लसला, दिवे बीडी१३९ च्या एमिटरवर. याला डार्लिंग्टन जोडी म्हणतात. सहा दिव्यांचे ९५ मिलीअँपियर बीडी१३९ देतो, त्याला लागणारा एक-सव्वा मिलीअँपियर बीसी५४७ देतो, आणि कंडेन्सरकडून मागितलं जातं ते दहा मायक्रोअँपियरच्या आत. शिवाय आधी बीसी५४७ वर सहा दिव्यांचा भार आला असता तर ११० च्या वर मिलीअँपियर झाले असते, त्याची मर्यादा १०० ची. कंडेन्सर ५ वर अडकून राहिला म्हणून तो ट्रान्झिस्टर वाचला होता, हे एक गंमतशीरच.

गंजगोलाईत दुकानदारानं भाच्याला टीआयपी१२२ देऊ केला होता. तो एकाच डब्यात तयार डार्लिंग्टन. मी नको म्हटलं. त्याच्या पोटात बेस आणि एमिटरच्या मध्ये सुमारे ८ किलोओहमचा रेझिस्टन्स असतो. एकट्या त्यातूनच ८० मायक्रोअँपियर निघून जातात. मोटार फिरवायला तो उत्तम, इथं म्हणजे पुन्हा तोटी सोडणं.

जोडीमुळं दुसरंही एक काम झालं. दोन ट्रान्झिस्टर म्हणजे ०.७ दोनदा. एमिटर आता २.६ ते ६.६ मध्ये फिरतो. २.६ हे ३.१ च्या खाली, म्हणजे विझायला हवा. संध्याकाळी दुकानातले दिवे घालवून बघितलं. श्वास झकास, चढ-उतार सारखे, फेरा ५.१ सेकंद. हिशोब पावणेपाचचा होता, पण १०० मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरला वीस टक्के इकडं-तिकडं माफ असतं. विझल्यावर मात्र अंधारात काजव्याएवढी ठिणगी उरायची. पांढरा एलईडी फार थोड्या करंटवरही दिसण्याइतका पेटतो. भाच्याला ते चालेना. सहा दिव्यांच्या सामाईक वायरीत एक १एन४००७ डायोड टाकला, आणखी अर्धा-पाऊण व्होल्ट खाली. आता प्रत्येक श्वासाच्या शेवटी सव्वा सेकंद पूर्ण काळोख. तो खूश.

त्यानं नेटवर दुसरा एक रस्ता वाचला होता. दिवा सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करायचा, चालू राहण्याचा वाटा कमी-जास्त केला की डोळ्याला मंद-तेज दिसतं. रस्ता चांगलाच आहे. ट्रान्झिस्टर तापत नाही, आणि ठोक्याचा प्रश्नच येत नाही, कारण एलईडी एकतर पूर्ण चालू असतो नाहीतर पूर्ण बंद. पण आरतीला बहिणी-भावजया मोबाईल काढून उभ्या राहतात, आणि तसल्या दिव्याचं शूटिंग केलं की पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात. मुखवट्यांवर पट्टे नकोत, म्हणून आपला संथ रस्ता बरा.

उचकी

तिसऱ्या दिवशी सगळं अक्काच्या घरी नेऊन जोडलं. कोठ्या उभ्या होत्या, मुखवटे अजून कपाटात. प्लगपासून मखरापर्यंत पाच मीटर बारीक वायर. नुसता श्वास लावला, छान. लाल उघडझाप जोडली आणि श्वासाला उचकी लागली. एक फेरा ५.१ चा, पुढचा ४.७ चा, मग पुन्हा ५.१. वर पोहोचता पोहोचता दिवा मध्येच मागं फिरायचा.

हे ओळखीचं दुखणं आहे, त्यामुळं वेळ गेला नाही. लाल दिव्यांच्या आठ रांगा एकदम शंभर मिलीअँपियर मागतात, आणि एनई५५५ स्वतः पलटी खाताना क्षणभर प्लसकडून मायनसकडं मोठा झटका ओढतो. बारीक वायरीत तेवढ्यापुरतं व्होल्टेज खचतं. बटईवाल्याचं पीक घटलं की वाटाही घटतो. ८ ची खूण क्षणभर ७.७ वर येते, आणि कंडेन्सर तेव्हा तिथं पोहोचलेला असेल तर श्वास अर्ध्यातून परततो. झटका जागीच भागावा म्हणून प्रत्येक आयसीच्या ८ आणि १ नंबरच्या, म्हणजे प्लस-मायनसच्या, पिनांना चिकटून १०० मायक्रोफॅरडचा आणि '१०४' लिहिलेला चकतीचा कंडेन्सर लावला. वरची खूण जिथं बाहेर काढलेली असते त्या ५ नंबरच्या पिनेवरून मायनसला '१०३'. लाल दिव्यांची वायर ॲडॉप्टरपासूनच वेगळी नेली. दहा फेरे मोजले, सगळे ५.१. ५ नंबरची पिन मोकळी सोडायची सवय पुष्कळांना असते. एकटा आयसी असला की खपतं, शेजार आला की नाही.

आवाहनाच्या आदल्या रात्री घरातले दिवे मालवून सगळ्यांना दाखवलं. लाल दिवे उघडझाप करतायत, मुखवट्यांच्या जागेमागून पांढरा उजेड चढतोय, उतरतोय, पूर्ण विझतोय, पुन्हा चढतोय. अक्का बघत राहिली. भाच्याची आजी पाटावर बसली होती, ती तीन-चार फेरे काही बोलली नाही.

मग म्हणाली, "कामून विझवायलास रे?"

"विझंना आजी, श्वास आहे तो. परत येतो."

"महालक्ष्म्यांपुढं अंधार नसतो करायचा. समई तीन दिवस तेवती ठेवतो न्हवं आपण? बारीक कर. विझवू नको."

भाच्यानं माझ्याकडं बघितलं. दोन दिवस खपून विझवलेला दिवा. मी काही बोललो नाही, पिशवीतून सोल्डरिंग आयर्न काढलं. डायोड काढत बसायला वेळ नव्हता. त्याच्या दोन्ही टोकांवरून तारेचा तुकडा टाकला, दोन थेंब सोल्डर. दिवे पुन्हा मालवले. उजेड चढला, उतरला, आणि तळाला काजव्याएवढा उरला.

"असा," आजी म्हणाली, आणि फुलोऱ्याच्या करंज्या मोजायला उठली.